एंजल बिघडला नाही, मोठा झाला

प्रश्न : नाशिकच्या एका वाचक भगिनींचं हे पत्र. नाव छापू नका, असं त्यांनी कळवलंय. सातवीतल्या मुलासाठी त्यांनी गेल्या दिवाळीत फिशटँक घेतला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. त्यात चार एंजल, दहा निऑन टेट्रा, पाच टायगर बार्ब आणि ‘काच साफ ठेवायला’ एक सकर. तेव्हा एंजल दहा रुपयांच्या नाण्याएवढे होते आणि दुकानदाराने सांगितलं होतं, एंजल शांत असतो, कशाबरोबरही चालतो. आज आठ महिन्यांनी निऑन तीनच उरलेत. मेलेले मात्र दोनच सापडले, बाकीचे गेले कुठे ते कळत नाही. एका एंजलचे पंख कात्री लावल्यासारखे झालेत. मुलाने तिचं नाव चांदणी ठेवलंय. दोन मोठे एंजल फिल्टरजवळचा कोपरा अडवून बसतात, कुणी जवळ आलं की अंगावर धावतात. यजमान म्हणतात, जो मारका आहे तो परत देऊन टाका. सासूबाई म्हणतात, मासा गेला की घरावरचं संकट टळतं, जीवाला लावून घेऊ नका. त्या लिहितात, ‘मुलगा शाळेतून आला की दप्तर खाली ठेवायच्या आधी मासे मोजतो. त्याला काय सांगू? आणि एंजलबरोबर चालतील अशा माशांची यादी द्याल का?’

उत्तर :

ताई, यादी देतो, पण थोडी पुढे. तुमच्या टाकीत आठ महिन्यांत काय काय घडलं ते आधी बोलू. ते न समजता नुसती नावं घेऊन दुकानात गेलात, तर पुढच्या दिवाळीला मुलगा पुन्हा मासेच मोजत बसेल.

आधी निऑनचा हिशेब. दहातले तीन उरले, दोन मेलेले सापडले, म्हणजे पाचांचा पत्ता नाही. ते एंजलच्या पोटात गेले. हे मुलाला सांगणं जड जाईल, पण सांगा. वाढलेल्या एंजलचं तोंड दिसायला लहान असलं तरी उघडतं बऱ्यापैकी, आणि निऑन पूर्ण वाढला तरी दीड इंचाच्या आतच राहतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. संध्याकाळी टाकीतला दिवा मालवला की निऑन सुस्तावतात, कोपऱ्यात एका जागी तरंगत राहतात. एंजल दुरून सरकत येतो. घाई अजिबात नाही, नुसते कानाजवळचे पंख हलत असतात. अगदी जवळ आल्यावर डोकं किंचित खाली झुकवतो, एक झटका देतो, आणि निऑन नाहीसा होतो. पाण्यावर तरंगसुद्धा उठत नाही. सकाळी टाकी नेहमीसारखीच दिसते, फक्त एक मासा कमी.

आता दुकानदाराचं म्हणणं. तो मुद्दाम खोटं बोलला असं मला वाटत नाही. नाण्याएवढा एंजल खरोखरच शांत असतो, कारण त्या वयात त्याला जागा राखायची नसते, जोडीदार नसतो, आणि निऑन तोंडात मावत नाही. आपण मासा घेतो तो बाळपणी आणि त्याच्यासोबत कोण ठेवायचं हेही त्याच्या बाळपणावरूनच ठरवतो. चूक इथेच होते, आणि घरोघरी होते.

एंजल मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. संथ पाणी, पुरात बुडालेली झाडं, खाली सुटलेली मुळं, यांच्या फटींतून जाता यावं म्हणून त्याचं अंग पुरीसारखं चपटं. अंगावरचे उभे काळे पट्टे त्या मुळांत मिसळून जातात. आपण त्याला देखणा म्हणून आणतो, पण तो सिक्लिड कुळातला मासा आहे. ऑस्कर आणि डिस्कस त्याच कुळातले. आपल्या कोकणच्या आणि गोव्याच्या खाड्यांतला काळुंदरसुद्धा त्याच कुळातला. तुमच्याकडे कुणी मालवणकडचं असेल तर विचारा, काळुंदराची नर-मादी मिळून अंडी कशी राखतात ते ते सांगतील. जागा धरणं, जोडी जमवणं आणि पिल्लांसाठी जिवावर उदार होणं या कुळाच्या रक्तातच आहे.

म्हणूनच तुमचे फिल्टरजवळचे दोघं मला ‘मारके’ वाटत नाहीत. बहुधा त्यांची जोडी जमली आहे. आठ-दहा महिन्यांचे एंजल वयात येतात. एक खूण सांगतो. दोघं आळीपाळीने फिल्टरचा पाईप तोंडाने घासताना दिसतात का? एक घासतो, दुसरा राखण करतो, मग पाळी बदलते. दिसत असेल तर ते अंडी घालायची जागा साफ करताहेत. शेपटीच्या अलीकडे पोटाखाली छोटी नळी बाहेर आलेली दिसली, तर अंडी एक-दोन दिवसांवर आली म्हणून समजा. मोहरीपेक्षाही बारीक, मधाच्या रंगाचे दाणे पाईपवर ओळीने चिकटलेले दिसतील. ज्या घरात बाळंतपण जवळ आलंय त्या घरात पाहुण्यांची वर्दळ कुणाला आवडेल? दोन फुटी टाकीत त्यांनी एक कोपरा धरला, की बाकीच्यांना पळायला उरतो फक्त एक फूट.

यजमानांचा सल्ला वरवर पाहता सरळ वाटतो, पण त्याने भांडण मिटत नाही. सगळ्यात दांडगा एंजल काढलात, तर दोन दिवस शांतता वाटेल आणि मग दुसऱ्या क्रमांकाचा त्याच्या जागी बसेल. टाकीतली उतरंड जागेवरून ठरते, एखाद्याच्या स्वभावावरून ठरत नाही. मी स्वतः एकदा असाच एक एंजल परत केला होता. महिन्याभरात उरलेल्या तिघांतला सगळ्यात गरीब वाटणारा इतर दोघांना झोडपायला लागला.

चांदणीचे पंख मात्र एंजलने खाल्लेले नसावेत. एंजल एंजलशी भांडतो तेव्हा तोंडाला तोंड लावतो, कुशीत धडक मारतो, खवले उडवतो. कात्री लावल्यासारखे पंख, पोटाखालचे ते दोन लांब दोरे तोकडे झालेले, हे काम टायगर बार्बचं. बार्ब चपळ, टोळीने फिरणारा आणि लोंबणारं काही दिसलं की त्याला टोचा मारणारा. त्यांना आठ-दहाच्या टोळीत ठेवलं तर ते आपापसात गुंततात, असं सांगतात. त्यात तथ्य आहे, पण एंजलच्या टाकीत तो प्रयोगही करू नका. पाच बार्ब आणि लांब पंखांचा संथ एंजल एका टाकीत ठेवणं म्हणजे चांदणीला रोज टोचून घ्यायला लावणं. घरात मारका कोण, हे ठरवताना तुमच्याकडे चुकीचा मासा पकडला गेला.

आता सकर. ‘काच साफ ठेवायला’ म्हणून तो प्रत्येक टाकीत येतो आणि प्रत्येक टाकीत तोच न मोजता येणारी घाण करतो. लहानपणी शेवाळ खातो हे खरं. पण साधा सकर वाढतो फूट-सव्वा फुटाच्या वर. तुमची टाकीच एक फूट रुंद आहे, त्याला वळता तरी कसं यावं? आणि एंजलसारख्या चपट्या माशाला त्याचा वेगळाच धोका असतो. माझ्या एका एंजलच्या कुशीवर एकदा रुपयाएवढा फिकट डाग दिसायला लागला, खवले विस्कटलेले. बुरशी समजून मी आठवडाभर औषध टाकलं, डाग वाढतच गेला. एके रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठलो, टाकीवर टॉर्च मारला, तर एंजल एका जागी थरथरत उभा आणि सकर त्याच्या अंगाला तोंड लावून चिकटलेला. अंगावरचा बुळबुळीत थर तो खरवडून खात होता. चपट्या, संथ माशांच्या बाबतीत हे घडतं. दुसऱ्या दिवशी सकर हलवला आणि डाग आपोआप भरून आला.

सकर काढाल तो दुकानात द्या किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या. गोदावरीत किंवा गंगापूर धरणात सोडू नका, हात जोडून सांगतो. तो तिथे मरत नाही. तिथे तो वाढतो, वीण वाढवतो आणि आपल्या मूळच्या माशांची जागा घेतो. देशात ठिकठिकाणच्या तलावांत, नद्यांत हे झालेलं आहे, आणि त्याची सुरुवात घरच्या टाक्यांमधूनच झाली.

सासूबाईंचं म्हणणं मी अनेक घरांत ऐकलंय. त्यामागे घराची काळजी आणि लेकराला धीर देण्याची माया आहे, ती मोडू नका. पण मुलाला त्याच्याबरोबर दुसरी गोष्टही सांगा. मासा संकट घेऊन गेला असं मानलं की पाणी तपासायचं राहून जातं, सोबती चुकले का हे बघायचं राहून जातं, आणि पुढचा मासाही तसाच जातो. तुमचा मुलगा रोज मोजतो, म्हणजे त्याला कारण हवंय. सातवीतलं पोर हे कारण समजू शकतं. त्याच्या हातात एक वही द्या. कोण कुठे असतं, कोण कुणाला हाकलतं, कुणी खाल्लं नाही, हे त्याने रोज दोन ओळी लिहावं. महिन्याभरात त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळेल.

आता करायचं काय? या रविवारी एवढंच करा : पाचही बार्ब, सकर आणि उरलेले तीन निऑन दुकानात परत करा. निऑनचं वाईट वाटेल, पण तो कळपाचा मासा आहे. तिघं राहिले तर भीतीनेच खंगतील, नाहीतर एंजलच्या पोटात जातील. चांदणीसाठी टाकीत प्लास्टिकच्या जाळीचा आडपडदा लावा. दुकानात मिळतो, नाही मिळाला तर बारीक जाळी टाकीच्या मापाने कापून काचेला रबरी सक्शन कप लावून बसवता येते. आठवड्यातून दोनदा पाव टाकी पाणी बदला. नळाचं पाणी असेल तर क्लोरिन काढायचे थेंब टाका. पंखांच्या मुळाला इजा झालेली नसेल तर स्वच्छ पाण्यात ते काही आठवड्यांत पुन्हा फुटतात. कडेला पांढरा कापूस दिसला किंवा लाली मुळाकडे सरकायला लागली, तरच औषधाचा विचार करा.

त्यानंतरचा निर्णय टाकीचा आहे. तुमची टाकी काठोकाठ भरली तरी छप्पन लिटरची, आणि मुख्य अडचण उंचीची. एंजल लांबीला सहा इंचांपर्यंत जातो, पण वरच्या पंखाच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत उंची आठ-दहा इंच होऊ शकते. एक फूट उंचीत वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली, तर त्याला राहतं काय? एंजलला दीड फूट उंची ही चैन नव्हे, गरज आहे.

जागा आणि पैसे असतील, तर तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी करून घ्या. एकशे नव्वद लिटर होतात. काच, वाळू, पाणी मिळून वजन अडीचशे किलोच्या घरात जातं, तेव्हा लोखंडी स्टँड घ्या आणि भिंतीलगत ठेवा, हॉलच्या मधोमध नको. तिथे चारही एंजल राहू शकतील, पण मधे उंच झाडं किंवा लाकडाचा ओंडका उभा करून नजरेला आड पाहिजे. तरीही जोडी वरचेवर अंडी घालायला लागली, तर बाकीच्या दोघांना हलवावं लागेल, हे आत्ताच मनाशी धरून चला.

तेवढं जमणार नसेल, तर आहे त्याच स्टँडवर, दोन बाय एकच्याच मापात, दीड फूट उंचीची टाकी बनवून घ्या. काच कापून टाकी जोडून देणारे दुकानदार असतात. पंच्याऐंशी लिटर होतात, स्टँड तेवढा भार झेलेल ना एवढं बघून घ्या. यात एक तर जोडी ठेवा, नाहीतर एकटी चांदणी. एकटा एंजल झुरतो असं म्हणतात, ते मला कधी दिसलं नाही. शांत कळपासोबत तो छान राहतो आणि खायला घालणाऱ्या माणसाला ओळखतो. तुम्ही विचारलंत म्हणून माझा कल सांगतो : जोडी अंडी काढणाऱ्या एखाद्या हौशी माणसाला द्या, चौथा एंजल दुकानात द्या आणि चांदणी ठेवा. जोडीची वीण बघणं हा मोठा आनंद आहे, पण ज्या माशाचं नाव तुमच्या मुलाने ठेवलंय तो घरातून जाऊ नये, असं मला वाटतं. तरी शेवटचा शब्द त्याचाच असू द्या.

आता सोबती. हे फक्त तुमच्यासाठी नाही, ज्यांच्या घरी एंजल आहे त्या सगळ्यांसाठी. नाव पाठ करण्यापेक्षा दुकानात उभं राहून तीन गोष्टी विचारा. हा मासा वाढल्यावर एंजलच्या तोंडात मावेल का? हा पंख टोचतो का? आणि याला पाणी कसं लागतं, गरम की गार? एंजलला पंचवीस ते अठ्ठावीस अंश लागतात. नाशिकच्या थंडीत हॉलमधलं पाणी वीसच्याही खाली उतरतं, म्हणून हीटर हवाच. पंच्याऐंशी लिटरला शंभर वॅटचा पुरतो. गोल्डफिश गार पाण्याचा आणि घाणही बक्कळ करतो, म्हणून तो इथे बाद. गप्पी तर शेपटीमुळे आणि आकारामुळे, दोन्हीकडून मार खातो. फायटर, सर्पे टेट्रा, रेडटेल शार्क, पॅरट, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, शोभेची कोळंबी, यांचा विचारच नको. सिल्व्हर शार्क दुकानात तीन इंचांचा गोड दिसतो आणि फूटभर वाढतो.

चालणाऱ्यांत माझा पहिला कौल लेमन टेट्राला. अंगाने निऑनपेक्षा उंच, स्वभावाने साधा, आठ-दहाच्या कळपात फार देखणा. रमीनोज टेट्राही चांगला, पण नव्या टाकीत टाकू नका, टाकी तीन-चार महिने मुरलेली असावी. ब्लॅक विडो काहींकडे गुण्यागोविंदाने राहतो, काहींकडे टोचतो. घेतलाच तर कळपाने घ्या. आणि गुलाबी-हिरवे-निळे विडो कधीही घेऊ नका, तो रंग माशाचा नसतो. बऱ्याचदा तो रंगवलेला असतो, रंगवताना मासा हाल सोसतो आणि पुढे रंग उतरतो. टेट्रा घेताना मोठे झालेले निवडा, पिल्लं नकोत. तळाला कॉरी ठेवा, सहाच्या गटात. पण खाली टोकदार खडे नकोत, बारीक वाळू पाहिजे, नाहीतर त्यांच्या मिशा झिजतात. काच साफ करायला सकरच्या ऐवजी ब्रिसलनोज, चार-पाच इंचांवर थांबतो. तीन फुटी टाकीत पर्ल गुरामीची एक जोडी शोभून दिसते. पंच्याऐंशी लिटरच्या टाकीत मात्र चांदणी, आठ लेमन टेट्रा आणि एक ब्रिसलनोज, बस्स. टाकी रिकामी वाटेल, दुकानदार अजून दोन सुचवेल, नको म्हणा.

नवे मासे थेट टाकीत सोडू नका. एखाद्या टबात स्पंज फिल्टर लावून दोन-तीन आठवडे वेगळे ठेवा, अंगावर पांढरे ठिपके येतात का बघा. नव्या टाकीत जुन्याच टाकीतला फिल्टर न धुता बसवा, त्यातले घाण पचवणारे जिवाणू हेच टाकीचं खरं भांडवल. जमलं तर आधी टेट्रा सोडा, आठवड्याने चांदणीला. ज्याला घर आधी मिळतं तो ते आपलं मानतो. उलट करावं लागलं, तर सोडायच्या आधी लाकूड आणि झाडं हलवा, दिवा मालवा आणि एंजलला पोटभर खाऊ घाला.

आणि हे सगळं होईपर्यंत त्या जोडीने अंडी घातलीच, तर मुलाला आधीच सांगून ठेवा : पहिल्या दोन-चार खेपेला आई-बाप स्वतःच अंडी खाऊन टाकतात, नवखे असतात. पांढरी पडलेली अंडी फळलेली नसतात. पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर असेल तर अडीच दिवसांच्या आसपास बाकीच्यांतून शेपट्या वळवळायला लागतात, त्यासाठी काचेला डोळा लावून बसावं लागतं. त्याच्या वहीत ते पान आलं, की मला कळवा.